इनक्युबेटरचे बटण

शुक्रवार, दहा जानेवारी २०२५. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि निशिगंधाच्या समोरच्या तीनही पेट्री प्लेट कोऱ्या होत्या.

नवी मुंबईत पावण्याजवळच्या एका महाविद्यालयात ती जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती. आदल्या संध्याकाळी तिने आणि तिचा जोडीदार राजवर्धन याने जिवाणूंमध्ये बाहेरचे जनुक घालून ते प्लेटवर पसरले होते. पहिल्या प्लेटमध्ये प्रतिजैविक होते; जनुक स्वीकारलेले जिवाणूच तिच्यावर तगणार होते. दुसरीतही प्रतिजैविक होते, पण जिवाणू जनुकाविना. ती कोरीच राहायला हवी होती. तिसरी साधी, तिच्यावर सगळेच माजायला हवे होते. याआधीचे दोन प्रयत्न फसले होते आणि जिवाणूंची ही शेवटची नळी होती. प्रकल्प सोमवारी सादर करायचा होता. आज काही उगवले नाही, तर दाखवायला हातात काहीच उरणार नव्हते.

प्लेट रात्रभर उबेत ठेवणाऱ्या इनक्युबेटरचा दिवा विझलेला पाहून तिने मागे हात घातला. भिंतीवरचे बटण बंद होते.

नावड्याच्या घरी आईने लावलेली शिस्तच होती तशी : खोलीतून शेवटी निघेल त्याने सगळी बटणे बंद करायची. काल शेवटी तीच निघाली होती. पंखा, दिवा, आणि त्याच ओघात हेही. तिने बटण दाबले. दिवा लागला.

तेवढ्यात राजवर्धन आला. माथाडी कामगाराचा हा मुलगा वाशीत वाढला, तरी बोलण्यातला सातारा काही सुटला नव्हता.

"उगवलं का आपलं पीक?" त्याने वाकून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "आयला! अगं, पहाटे सहाला लाइट गेलती म्हणं, सातला आली. वॉचमन सांगत होता. शुक्रवार नडला बघ आपल्याला."

शुक्रवार हा त्या पट्ट्यातला वीजदुरुस्तीचा वार. निशिगंधा आता गप्प राहिली, तर दोष विजेवरच जाणार होता. ती गप्प राहिली.

प्रकल्पाचे मार्गदर्शक सुधीर सर आले. त्यांनी प्लेट उजेडात धरल्या.

"वीज सहाला गेली ना? म्हणजे त्याआधी बारा तास ऊब मिळालीच. तरी साध्या प्लेटवरसुद्धा काही नाही. पेशीच मेलेल्या होत्या. टाका ऑटोक्लेव्हमध्ये."

राजवर्धनने प्लेट उचलल्या. ऑटोक्लेव्हच्या वाफेतून काही जिवंत परत येत नाही.

"सर, थांबा," निशिगंधा म्हणाली. "ऊब मिळालीच नाही. काल निघताना बटण मीच बंद केलं. सवयीनं."



"धन्य आहे बाई तुझी!" राजवर्धन म्हणाला. "लाइटबिल काय तुझ्या बापाच्या नावानं येतं का?"

सर मात्र घड्याळाकडे पाहत होते. "रात्री चांगलीच थंडी होती. मग हे मेलेले नाहीत, नुसते गारठलेत. सदतीस अंशांवर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत दार उघडू नका. आणि निशिगंधा, हे आल्या आल्या सांगायचं असतं."

"हो सर."

दुपारी आईचा फोन आला. "बाय, जेवलीस का? डब्यान तांदलाची भाकर हाय. आवाज का गो बारीक?"

"तुझ्या बटणांमुळं," निशिगंधा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू आले.

संध्याकाळी पाचला सरांनी स्वतः दार उघडले. साध्या प्लेटवर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर आला होता. दुसरी कोरी होती, जशी असायला हवी होती तशीच. पहिली प्लेट राजवर्धनने उजेडात धरली आणि त्याने सोडलेला श्वास निशिगंधाला ऐकू आला. मोहरीहूनही बारीक, पांढरे, गोल ठिपके; प्रत्येक ठिपका म्हणजे जनुक स्वीकारलेल्या जिवाणूंची एक वसाहत. तिने मार्करने एकेकावर खूण करत मोजायला घेतले. खात्रीसाठी पुन्हा पहिल्यापासून मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

एकूण वसाहती : एकेचाळीस.