आवरलेली खोली

लेकीने निरोप धाडला होता, "ना तुमच्या घरी, ना माझ्या. हॉटेलात भेटू. खोली मी घेऊन ठेवते, तुम्ही आदल्या दिवशीच येऊन राहा. दुसऱ्या दिवशी चारला येईन. आई एक शब्द वाकडा बोलली तर तशीच निघेन." दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा आमच्या हिने तिला सांगितलं होतं, या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. त्यानंतरचा हा पहिला निरोप. ही वेळ हुकली की पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं. लेक हट्टाला हिच्यावरच गेली आहे.

हॉटेल जुनं, नावाजलेलं. सोनेरी बटणांच्या कोटातल्या दरवानाने दार उघडलं, तर मीच त्याला आधी नमस्कार करून बसलो. गालिचा एवढा मऊ की ही चपला हातात घ्यायला निघाली होती. रात्री मोठ्या पलंगाच्या काठावर अंग चोरून झोपली. झोपली कसली, छत बघत पडली होती.

घाबरली की ही आवरायला घेते. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यापासून सुरू झाली. चादर अशी ताणली की माशी बसली तर घसरावी. टॉवेलांच्या घड्या घातल्या, कप धुऊन उपडे घातले, न्हाणीघर कोरडं केलं. आमची बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर, जाड पांघरुणांमागे गेली. वायरी दिसायला नकोत म्हणून माझा फोन चार्जरसकट ड्रॉवरमध्ये गेला.

मी टेकायला गेलो, तर ओरडलीच. "अहो, पलंगावर नका बसू! चुरगळेल."

"मग पलंग काय पूजेला ठेवलाय?"

"ती येऊन जाऊ दे, मग लोळा हवं तेवढं. चला खाली बागेत. इथे राहिलो तर तुम्ही पसारा कराल."

निघताना खोलीची दोन्ही कार्डं तिने टेबलावर नीट शेजारी शेजारी ठेवली. माझ्या हातून हरवतील म्हणे. दार बाहेरून उघडायचं कसं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तर बायकोपुढे तोंड उघडायचं कधीच सोडून दिलंय.

बागेत ही एकच वाक्य घोकत होती, "काय बोलू हो मी तिच्याशी?" मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. चार वाजायच्या थोडं आधी आम्ही आत आलो, कार्डं वरच राहिल्याचं तेव्हा ध्यानात आलं, आणि स्वागतकक्षातल्या मुलीकडे दुसरं कार्ड मागितलं.

तिने समोरच्या पडद्यावर पाहिलं. "सर, तुम्ही तर खोली सोडलीत."

"कोण म्हणतं?"

"सफाईवाल्या बाईंनी कळवलं. खोली मोकळी होती, कार्डं टेबलावर होती." मग ती चाचरली. "आत्ताच एक मॅडम तुम्हाला विचारत आल्या होत्या. मी सांगितलं, गेले म्हणून."

हिच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठे गेली ती?"

"इथून वळल्या एवढंच पाहिलं. मागे रांग होती."

मी दरवानाकडे धावलो. त्याने कोणाला पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल, पण त्याला आठवेना. फोन वर ड्रॉवरमध्ये, नंबर पाठ नाही. स्वागतकक्षातल्या मुलीने माफी मागत नवं कार्ड दिलं. लिफ्टमध्ये ही माझी बाही धरून उभी होती. "तिला वाटलं असेल, मीच निघून गेले. माझ्यापायी गेली हो पोर, दुसऱ्यांदा!" एरवी मी टोमणा मारला असता. तेव्हा मजल्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

आमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बाहेर सफाईची गाडी उभी होती, आणि आत खिडकीजवळच्या खुर्चीत लेक बसली होती. वाळली होती. तिच्या हातात माझ्या जुन्या बनियनचं फडकं होतं. हिने ते घरून आणलंय, हे मलाही माहीत नव्हतं.

"खाली म्हणाले, गेलात," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं. तरी बघायला वर आले. हे न्हाणीघरात वाळत होतं." तिने फडकं वर धरलं. "आई मला सोडेल, पण आपलं फडकं मागे टाकून जाणार नाही. म्हणून थांबले."

ही पलंगाच्या चादरीवरची नसलेली सुरकुती सरळ करू लागली. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलते आणि सगळंच संपतं. चादर सोडून हिने विचारलं, "जावईबापू कुठायत?"

"खाली. गाडीत."

"अगं मग वर बोलाव ना त्यांना. उन्हात काय बसवून ठेवलंयस!"

"त्याचं नंतर," लेक खुर्चीतून उठली. "आधी मला विचार ना, मी कशी आहे."

ही दोन पावलं पुढे झाली. "कशी आहेस गं?" म्हणाली, आणि उत्तर ऐकायच्या आधीच रडू लागली.