पाठमोरा धर्मराज

मी एक जुना, रिळाचा कॅमेरा आहे, मित्रांनो. जन्म जपानचा, पण आखातात नोकरी करणाऱ्या मामांनी मला अलीभाईंसाठी पनवेलला आणलं आणि मी इथलाच झालो. अलीभाईंचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो काढायला दुसरे कॅमेरे होते, मी मात्र लाडका. मला ते फक्त पहाटे बाहेर काढत, स्कूटरवरून उरणच्या मोरा बंदरावर नेत आणि उगवत्या सूर्याचे फोटो काढत. तेही काळे-पांढरे.

लोक हसत. एवढा लालभडक सूर्य, आणि या माणसाला रंगांचं वावडं! अलीभाई म्हणत, रंग असले की सगळे सूर्यच बघत बसतात. रंग काढून घेतले की त्याच्यासमोरचा माणूस दिसतो. आमच्या फोटोंतला तो माणूस म्हणजे धर्मराज कोळी. खांद्यावर जाळं घेऊन होडीकडे चाललेला, नेहमी पाठमोरा. दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, ही तिथली रीत. म्हणून अलीभाईंनीही त्याला कधी 'इकडे बघ' म्हटलं नाही. त्या फोटोंचं मुंबईच्या एका प्रदर्शनात कौतुक झालं, तेव्हा मीही जरा फुशारलो होतो.

२००६ सालची ती सकाळ. धर्मराजची बायको कृष्णाबाई फडक्यात बांधलेली भाकर घेऊन धक्क्यावर धावत आली. घाईत ती रीत विसरली.

"आवो, भाकर रायली."

धर्मराज वळला आणि अलीभाईंकडून आपसूक बटण दाबलं गेलं. माझ्या रिळावरचा तो शेवटचा फोटो.

दुपारी वारा फिरला. दुसऱ्या दिवशी होडी उलटलेली सापडली, धर्मराज सापडलाच नाही. पुढे अलीभाई कृष्णाबाईला भेटायला गेले तेव्हा मी त्यांच्या गळ्यात होतो. घरात धर्मराजचा एकही फोटो उरला नव्हता. लग्नाचे आदल्या वर्षीच्या पुरात गेले होते, ओळखपत्र त्याच्या खिशातच राहिलं. रीळ धुतलं की चेहरा मिळेल, असं अलीभाई म्हणाले, तशी कृष्णाबाईने त्यांचा हात धरला.

"तो फोटू काडू नको, अलीभाय. माजी हाक हाय त्यात."

त्यांनी मला रिळासकट कपाटात ठेवून दिलं.

रोज पहाटे मला ती हाक ऐकू यायची, आणि माझ्या आतल्या अंधारात तो वळायचा. त्याच्या तोंडावर राग होता की भीती? मी पाहिलं होतं. पण आम्हा कॅमेऱ्यांना पाहिलेलं लगेच कळत नाही, रीळ धुतल्यावरच कळतं. बाहेर डिजिटल कॅमेरे आले, डार्करूमची अडगळीची खोली झाली, माझ्या कातड्यावर बुरशी चढली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. दमट हवेने रीळ गेलं तर धर्मराज माझ्या आत पुन्हा बुडेल, ही भीती मात्र मला खात होती.

मग बऱ्याच वर्षांनी एके दिवशी त्याची मुलगी मोनाली आईला घेऊन स्टुडिओत आली. तिचं लग्न ठरलं होतं. देवापाशी वडिलांचा फोटो मांडायचा होता, आणि तिला बाप आठवत होता तो पाठमोराच. अलीभाईंनी कृष्णाबाईकडे पाहिलं. या वेळी तिने हात धरला नाही.

खिडकीला पुन्हा काळं कापड लागलं. रीळ धुरकट निघालं, पण निघालं. सूर्य पाठीशी असल्यामुळे पहिल्या छपाईत चेहरा काळाठिक्कर आला. अलीभाईंनी पुन्हा छपाई केली. कागदावर उजेड पडत असताना नेमकं चेहऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा धरून ठेवला; जिथे उजेड कमी पडतो, तिथे कागद कमी काळवंडतो. तांबड्या दिव्याखाली, औषधाच्या पाण्यातून धर्मराज हळूहळू वर आला.

तो हसत होता. एक हात पुढे केलेला.

कृष्णाबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "रागावला नाय गो. भाकर मागतोय."

आता मी फळीवर असतो, रिकामा. पहाटे हाक अजून येते, पण आत कोणी वळत नाही. खोटं कशाला सांगू, मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी धूळ खात असेल, तर भंगारात देण्याआधी त्यात रीळ आहे का, एवढं बघा. आत कोणीतरी तुमच्याकडे वळून उभं असेल.