पुढची खाच

ओइवाने घमेल्यात हात घातला, तळाशी पडलेला रूळ वर काढला आणि त्याच्या कडेवरून अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत नेला. व्हिनेगर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. मधल्या खाचांपाशी अंगठा अडखळला, तेव्हा त्याने रूळ पुन्हा बुडवला आणि हात विजारीला पुसला.

"अजून सोडत नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

"काय सोडत नाही?" सौनाच्या, म्हणजे वाफ घेण्याच्या खोलीच्या, न्हाणीच्या दारातून त्याच्या मुलाने, वेसाने, विचारले.

म्हाताऱ्याने मान वळवली, पण आवाजाच्या किंचित बाजूला. समोर पाहिले की जे पाहायचे नेमके तेच करड्या डागाखाली जाई. डोळ्याच्या कडेने पाहिले, तरच माणसाचा आकार हाती लागे.

"गंज," तो म्हणाला. "कधी आलास?"

"आत्ताच. गाडीचा आवाज नाही ऐकलास?"

"ऐकला की. माझ्या गाडीचा आवाज मी ओळखतो."

वेसाने हे बोलणे अंगाला लावून घेतले नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी परवान्याच्या नूतनीकरणावर सही करण्यास नकार दिला होता, आणि त्या नकाराशी कोणी, अगदी ओइवानेही, वाद घातला नव्हता. वाद पुढचा होता. त्याच आठवड्यात वेसा आला आणि अंगणातली गाडी तांपेरेला घेऊन गेला. समोर उभी असली की बाबांना मोह होईल, असे त्याचे म्हणणे. दुकान सरोवराच्या पलीकडच्या गावात, बस बंद होऊन कैक वर्षे झालेली. गाडी गेली त्या संध्याकाळी ओइवाने कोठाराचे दार उघडले आणि तिथे ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या, गोल पाठीच्या जुन्या साब गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. ब्रेक आणि इंजिन गावातल्या मेकॅनिकने येऊन पाहिले. गंज मात्र ओइवाने कोणाला हात लावू दिला नाही. गंजाला डोळे लागत नाहीत, असे तो म्हणे.

"यासाठी दुकानात तयार औषध मिळतं," वेसा नाक मुरडून म्हणाला. "असला वास तरी येत नाही."

"दुकानात. आणि जायचं कसं, पोहत?"

"मग हे व्हिनेगर कुठून आलं?"

"टपालवालीनं आणून दिलं. काकड्यांचं लोणचं घालायचंय असं सांगितलं तिला. आता तिला वाटतं, सगळ्या तालुक्याचं लोणचं आम्हीच घालतो."

वेसाला हसू आले. ते त्याने आवरले. तो घमेल्यावर वाकला. पाण्याला चहाचा रंग आला होता आणि रुळांवरून बारीक बुडबुडे उठत होते.

"हे सीटचे रूळ ना? ड्रायव्हरच्या?"

"हो."

"यांच्यामागे कशाला लागलास? सीट तुझ्याच मापाला अडकलेली आहे. नाही हलली म्हणून बिघडलं काय?"

"हलायला हवी."

"पण का?"

"हलण्यासाठी केलेली वस्तू आहे म्हणून," ओइवा म्हणाला आणि उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला नाही.

घरात ओइवाच्या बायकोने, हिल्काने, नवे बटाटे शेपू घालून उकडले होते. राय धान्याचा पाव, लोणी, धुरावलेला मासा अशी मांडामांड झाली. वेसा भिंतीलगतच्या बाकावर टेकला आणि चमकून उठला.

"आई, इथल्या उशा कुठे गेल्या?"

"गाडीत आहेत."

"बाबांच्या पाठीला का?"

"पाठीला," हिल्का म्हणाली आणि कॉफी ओतू लागली.

जेवण होईपर्यंत वेसा हवापाण्याचे बोलला. मग त्याने बशी बाजूला सारली आणि ज्यासाठी आला होता ते मांडले. त्याच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक फ्लॅट रिकामा झाला होता. लिफ्ट होती, खाली दवाखाना होता, बाल्कनीतून सरोवराचा एक कोपरा दिसत होता. सोमवारी सकाळी हो की नाही ते कळवायचे होते. नाही म्हटले, तर पुन्हा असा मिळायचा नाही. त्यासाठी त्याने सोमवारची रजाही काढली होती.

"सरोवराचा कोपरा," ओइवा म्हणाला. "मला कोपरेच तेवढे दिसतात, हे खरं. सोय चांगली पाहिलीस."

"चेष्टा नको, बाबा. आजारी पडलास तर इथून नेणार कोण? आईला भाकरीचा तुकडा आणायचा तर टपालवालीचे पाय धरायचे! हे किती दिवस चालणार?"

"आईला विचारलंस का?"

वेसाने आईकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती, हात मांडीवर होते. टेबलाखाली तिचा डावा पाय मात्र जमिनीवर दाबला जात होता, क्षणभर तिथेच थांबत होता, आणि मग अतिशय सावकाश वर येत होता. पुन्हा दाब, पुन्हा तसेच.

"पाय दुखतोय का, आई?"

"थोडा ताठतो," ती म्हणाली आणि पाय मागे घेतला.

"पाहिलंस?" वेसा बापाकडे वळला. "तिलाही होत नाही आता. आणि तू तिकडे व्हिनेगरमध्ये हात घालून बसलायस. मी आंधळा नाही, बाबा. कोठारामागच्या गवतावर चाकांचे ठसे आहेत. थेट सरोवराच्या काठापर्यंत जाऊन परत आलेत. तू ती गाडी चालवलीस."

हिल्काने मान वर केली. ओइवाने टेबलावरचा हात जरासा उचलला, आणि तिने तोंड पुन्हा खिडकीकडे वळवले.

"ठसे वाकडे आहेत का?" त्याने विचारले.

"काय?"

"वाकडे आहेत का सरळ?"

"त्यानं काय फरक पडतो? काठ तिथून हातभर अंतरावर आहे! बुडाला असतास."

"कोणी बुडालं नाही." ओइवाने कप खाली ठेवला. त्याचा आवाज चढला नव्हता. वाद घालताना तो उलट हळू बोले. "ऐक. रूळ व्हिनेगरमध्ये टाकला की व्हिनेगर आधी गंज खातं. ते चांगलं. पण गंज संपला म्हणून ते थांबत नाही. पुढे लोखंड लागलं, हे त्याला कळतच नाही. ते तेवढ्याच प्रामाणिकपणे लोखंड खायला लागतं. तुझी काळजी तशी आहे, पोरा. परवाना गेला. बरोबर गेला, मी चकार शब्द काढला नाही. मग गाडी गेली. आता घर. तू थांबणार कुठे, ते मला सांग."

"मी तुमच्या भल्यासाठी—"

"व्हिनेगरही भल्यासाठीच असतं."

हिल्काने बश्या उचलल्या आणि सांगितले की शनिवार आहे, सौना तापली आहे. भांडायचे असेल तर दोघांनी तिथे जाऊन भांडावे.

पण तिथे ते भांडले नाहीत. वरच्या फळीवर शेजारी शेजारी बसून दोघेही बराच वेळ घाम गाळत राहिले. व्हिनेगरचा वास न्हाणीतून आतही झिरपला होता आणि एव्हाना नाकाला सवयीचा झाला होता. वेसाने अंधारात हात लांबवला, फळीच्या टोकाला ठेवलेली बादली जवळ ओढली आणि दगडांवर पाणी ओतून वाफ काढायला पळी बुडवली. पळी तळाशी कशाला तरी लागून खणखणली.

ओइवाने मान वर केली. "ती नको, ती बोल्टांची—"

तोवर पळीभर पाणी तापल्या दगडांवर पडले होते.

जे उठले त्याला वाफ म्हणणे अवघड होते. ते नाकात, घशात आणि डोळ्यांत एकाच वेळी शिरले. दोघे फळीवरून अक्षरशः घरंगळले, न्हाणीतून धडपडत बाहेर गवतावर आले. जूनची ती संध्याकाळ लख्ख उजेडाची होती, पण वेसाला त्यातले काही दिसत नव्हते. तो दोन्ही हात पुढे करून, खोकत, शिव्या घालत जागच्या जागी फिरत होता.

"बोल्ट बादलीत कोण ठेवतं? सौनाच्या बादलीत?"

"गरम व्हिनेगर लवकर काम करतं," ओइवाही खोकत म्हणाला. "डोळे चोळू नकोस. पाण्यानं धुवायला हवेत. चल."

"मला काही दिसत नाही!"

"मलाही नाही. चल म्हटलं ना."

म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले आणि चालू लागला. घाई न करता, तरी कुठेही न थांबता. "पायरी. आणखी एक. आता मूळ आहे, पाय उचल. इथून धक्क्याच्या फळ्या, ओल्या असतील." फळ्या संपल्या तशी त्याने वेसाला गुडघ्यांवर बसवले आणि त्याचे डोके मागून पाण्यात दाबले, लहानपणी दाबत असे तसेच. वेसा वर आला, श्वास घेतला आणि आपण होऊन पुन्हा खाली गेला. डोळे उघडता आले, तेव्हा बाप शेजारी उघडाबंब बसून सरोवराच्या जरासा बाजूला पाहत हसत होता.

काठावर टॉवेल घेऊन आलेली हिल्का म्हणाली, "म्हाताऱ्या, ती बादली कोठारात नेऊन ठेव, असं मी सकाळी सांगितलं होतं."

"आता नेतो, म्हातारे."

"आता काय उपयोग? महिनाभर अंगाला लोणच्याचा वास येईल."

रविवारी रूळ सोड्याच्या पाण्यात धुऊन, शेगडीच्या उबेवर वाळवून, ग्रीस लावून झाले. वेसाचे डोळे लाल होते, पण बापाच्या हातून पाना घसरताना पाहिला तेव्हा त्याने तो न विचारता घेतला. गाडी नीट झाली तर विकता तरी येईल, अशी त्याने मनाची समजूत घातली असावी. तारेच्या ब्रशखाली रुळांचे पोलाद आता फिके, करडे, उघडे दिसत होते. इतक्या वर्षांत एकाच खाचेत सीट अडवणारा दात अडकून राहिला होता आणि तिथे धातू खोलवर झिजला होता. बाकीच्या खाचा कोऱ्या होत्या.

सोमवारी सकाळी दोघांनी सीट जागेवर बसवली. वेसाने खाली वाकून बोल्ट आवळले. ओइवाने दांडी ओढून सीट दोन्ही हातांनी पुढे रेटली. ती झिजलेल्या खाचेवर क्षणभर अडली, मग सुटली, आणि खट् असा आवाज करीत थेट पुढच्या टोकाला जाऊन बसली. ओइवाने ती हलवून पाहिली. ती हलली नाही.

"बसून बघू," वेसा म्हणाला आणि आत शिरला. त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले, मान छताला लागली. "बाबा, फार पुढे गेली. तुला दिसलं नाही. थांब, मी मागे घेतो."

"नको."

"अरे, इथे बसणार कोण? एवढ्या जागेत तुझा एक पायही मावायचा नाही."

"चुकलेलं नाही. उतर तिथून."

बापाच्या आवाजात असे काही होते की वेसा उतरला. कोठाराच्या दारात हिल्का उभी होती. तिने रबरी बूट काढून बारीक तळाचे काळे जोडे घातले होते, कोट घातला होता, आणि काखेत तिची चौकोनी पर्स होती. वेसाच्या आठवणीत ही पर्स नेहमी गाडीच्या उजव्या सीटवर, आईच्या मांडीवर असे. ती पुढे आली, मागच्या सीटवरच्या दोन उशा उचलून तिने वेसाच्या हातात दिल्या.

"या घरात ने. आता लागणार नाहीत."

ती स्टिअरिंगमागे बसली. पाठ सीटला नीट टेकली. डावा पाय क्लचवर खाली गेला, क्षणभर थांबला, आणि अतिशय सावकाश वर आला.

"आई, तुला..." वेसा खिडकीपाशी वाकला.

"परवाना आहे. लग्नाआधी डेअरीत होते, तेव्हा काढलेला. मुदत अजून आहे." तिने आरसा आपल्याकडे वळवला. "तू कधी विचारलं नाहीस. यानंही नाही, गेल्या हिवाळ्यापर्यंत."

ओइवा गाडीच्या नाकावरून हात फिरवत पलीकडे जात होता. तो थांबला नाही आणि त्याने हे नाकारलेही नाही.

"मग मला सांगायचं तरी! शनिवारी मी एवढा बोललो..."

"सांगितलं असतं, तर तू मलाही डॉक्टरकडे नेलं असतंस. काठाशी एकदा चुकले होते, ते खरं. म्हणून तर सीट पुढे हवी होती. उशा घेऊन ब्रेकवर जोर येत नाही."

"पण आत्ता निघालात कुठे?"

"वाहनतपासणीला. तुझी सोमवारची वेळ आहे ना, तशी आमचीही आहे."

ओइवा उजवीकडच्या सीटवर बसला आणि त्याने दार ओढून घेतले. हिल्काने त्याच्याकडे न पाहता पर्स त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली. इंजिन पहिल्यांदा खोकले, दुसऱ्यांदा लागले. निळसर धुरात उशा छातीशी धरून वेसा उभा होता.

हिल्काने काच खाली केली.

"वेसा," ती म्हणाली, "ती गाडी बाजूला घे. वाट अडवली आहेस."