यंत्रातलं आलवण

संस्थानच्या कचेरीत कारकून असलेल्या शरच्चंद्रानं कुणा साहेबाचं कपडे धुण्याचं जुनं यंत्र पुण्याहून आणलं, तेव्हा अर्ध्या भोरच्या बायका त्याच्या ओसरीवर लोटल्या. यंत्र कसलं, लाकडी पिंप आणि बाजूला मूठ. मूठ फिरवली की आत कपडे घुसळले जायचे. आजवर फुलाबाई परटीण भट्टीत कपडे उकळून नीरेच्या धोंड्यावर आपटायची. तिला त्याच दिवशी नारळ मिळाला.

शरच्चंद्राच्या विधवा बहिणीला, अंबूला, यंत्राशी कर्तव्य नव्हतं. तिचं लाल आलवण, विधवेचं अभद्र लुगडं, घरातल्या कपड्यांत कधी मिसळलंच नाही. नदीच्या एका कडेला, थंडी असो वा ताप, ते तिचं तिनंच धुवायचं.

परसात वहिनीनं, सौदामिनीनं, पिंपाचं झाकण काढलं आणि ती किंचाळली. लेकीचं, सुलूचं, लग्न तोंडावर आलेलं. नवरीनं लग्नात नेसायच्या अष्टपुत्रीचं कोरं पांढरं कापड, हळदीत रंगवण्याआधी खळ जावी म्हणून आत टाकलेलं, ते लालेलाल झालं होतं. तळाशी कढत सोड्यात रंग सुटलेलं आलवण!

"वन्सं! हे काय केलंत?"

अंबू पिंपाशी धावली. तिनं यंत्राला बोटही लावलं नव्हतं. पण आता भावाच्या घरातला आसरा तुटणार, याची तिला भीती वाटली.

"आई, मी टाकलं," सुलू पुढे आली. "आत्या गारठ्यात एकटी आपटत बसते, मला बघवत नाही. लाल झालं तर झालं. हेच नेसेन मी."

फाडकन अंबूनं तिच्या थोबाडीत दिली. जिला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्यावर आपला हात उठला, हे तिचं तिलाच खरं वाटेना.

"असलं अभद्र पुन्हा बोलशील तर याद राख!"

यंत्र बघायला ओसरीवर जमलेल्या बायका किंकाळी ऐकून एव्हाना परसाच्या दारात पोचल्या; सुलूचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं. नवरीनं आपल्या हातानं हे केलं, असं व्याह्यांच्या कानावर गेलं असतं तर लग्न मोडलंच असतं.

"मीच टाकलं," अंबू त्यांच्याकडे वळून म्हणाली. "अक्कल गहाण पडली माझी."

एखादी तरी म्हणेल, छे, अंबूताई असं करायच्या नाहीत, असं तिला वाटलं. पण कुणाला नवलसुद्धा वाटलं नाही. बायका नुसत्या चुकचुकल्या. आणि लेकीची कबुली आत्ताच कानांनी ऐकलेली सौदामिनी सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली, "वन्सं, लग्न होईपर्यंत तुम्ही आतल्या खोलीतच बसा."