कातरणीचा दिस

"अप्पा, आठ-पंधरा दिस थांबू की," एवढंच मी म्हणलं. हातात कातर घिऊन बसलेल्या धा-बारा गड्यांनी माना वर केल्या आन् देवाच्या पाटावर पाय दिल्यागत माझ्याकडं बघितलं. सुनंनं सासऱ्याला कातरणीचा दिस शिकवायचा, हे कुणी ऐकलं नव्हतं. मीबी न्हाय.

लातूरच्या भूकंपानंतरचं तिसरं साल हे. आमी मूळचं सांगवीचं, धनगर. साठ मेंढरं घिऊन भवानीनगरच्या बाजूला मानसिंगरावाच्या रानात तळ दिला हुता. त्येंचा ऊस तुटून गेलेला, रानाला लेंडीखत पायजे, आमाला बसायला जागा पायजे. काळ्या रानाला कोपरापातूर हात जाईल अशा भेगा, आन् झाड म्हणून बांधावर एक बाभळ.

कातरणीचा दिस अप्पांनी द्यायचा, ही रीत. रंगपंचमी झाली की तिसरा दिस. आजूबाजूचं चार तळ त्येंच्या शब्दावर कातर उचलायचं. एकमेकाकडं जाऊन कातरायचं, आधी आमची, मग चौथ्या दिशी दुसऱ्या तळावरच्या भीमाची. त्यात अक्कल हुती. शिमग्याच्या टायमाला कातरलं की वैशाख येस्तवर बोटभर लोकर परत येती आन् मेंढराच्या पाठीला तिचीच सावली हुती. लोकर नुसती थंडीची न्हाय, उन्हाचीबी हाय. शेरातल्या माणसाला हे सांगितलं तर त्यो हसतो.

पर त्या सालाला पौषात थंडीच पडली न्हाय. शिमग्याच्या आधीच घोंगड्यावर दव यायचं बंद झालं. सकाळी न्ह्यारीच्या वक्ताला हंड्याला हात लावावा तर पाणी कोमट. बायमाणूस पयलं उठतं, तिला आधी कळतं. पर तिला इचारतंय कोण?

"दव न्हाय अप्पा. ऊन वैशाखाचं हाय, हा कडका वसरू द्या," मी फिरून म्हणलं.

"सारजे," अप्पा म्हणलं, "माझ्या बापानं ह्याच दिशी कातरली, त्येच्या बापानं ह्याच दिशी. ऊन येतंय त्येच्या त्येच्या वक्ताला. तुला इचारून येतंय व्हय?"

गडी हसलं. आमचं मालक, बिरदेव, बापापुढं तोंड उघडायचं न्हाईत. मला म्हणलं, "तू भाकरीचं बघ."

बघितलं भाकरीचं. रागानं चार भाकरी करपवल्या आन् त्याच त्येंना वाढल्या.

दिस कलायच्या आत साठच्या साठ उघडी झाली.

दुसऱ्या दिशी वारं पडलं. सकाळी न्हऊ वाजताच भुईवर पाय ठरंना. मेंढरांनी एकमेकाच्या पोटाखाली डोकी घातली आन् घोळका करून हुभी राहिली. उन्हात मेंढरू असंच करतं, डोस्क्याला सावली बघतं. पर पाठी तशाच उघड्या. दुपारी एक गाभणी मेंढी बसली, ती उठलीच न्हाय. मग दुसरी बसली.

आमी घोंगडी टाकली, वाकळा टाकल्या, पालाचं कापड सोडून टाकलं. माझी दोन लुगडी गेली, अप्पांचा फेटा गेला. साठ पाठी झाकायला घरात काय असतंय? कालव्याला पाणी सुटलेलं नव्हतं. बिरदेव मानसिंगरावाच्या हिरीवर पळालं.

"पाणी लागंल तेवढं घे बिरदेव," मानसिंगराव म्हणलं, "पर लाईटच न्हाय. मोटर कशी लावू?"

मग हातानं शेंदलं. बिरदेवच्या तळव्याची साल निघाली. पाठीवर पाणी वतलं की घटकाभरात सुकायचं, आन् मेंढरू परत जीभ बाहेर काढून धापा टाकायचं. सांजपातूर न्हऊ गेली. त्याच्या फुडच्या दिशी चौदा. गाभण्या जास्ती.

गुरांचा डॉक्टर आला, सुया टोचल्या. जाताना अप्पांना म्हणला, "आबा, ऊन म्हयनाभर अलीकडं सरकलंय. हवाच बदलाय लागलीय. आता हे असंच वाढत जाणार."

अप्पा मेलेल्या मेंढ्यांच्या पोटावर हात ठिवून बसलं. आत कोकरू हालतंय का बघत हुतं.

चौथ्या दिशी सकाळी बिरदेवनं कातर उचलली.

"कुठं?" मी म्हणलं.

"भीमाकडं. त्यो आपल्याकडं आलता. आज त्येची पाळी."

"आपली तेवीस मारली, आता त्येची मारायला चाललाय?"

"अप्पांनी दिस दिलाय. मी कसा मोडू?"

"मग मेंढरं मोडा. सबुद तेवढा जपा," मी म्हणलं. अप्पा चार हातावर बसलं हुतं. ऐकू जावं म्हणूनच म्हणलं.

अप्पा उठलं. उघड्या डोक्यानंच बांधावरनं चालाय लागलं. सत्तरी उलटलेला माणूस, भीमाचा तळ दोन कोसावर. मी पाण्याची कळशी घितली आन् मागं पळाले. वाटंत तीनदा बसलं. "गाडी बघू का?" मी म्हणलं तर अप्पा म्हणलं, "तवर कातर लागंल."

पोचलो तवा बाकीच्या तळांवरचं गडी कातर परजून बसलं हुतं आन् भीमानं पयल्या मेंढीचं पाय बांधलं हुतं. अप्पांनी त्येचा हात धरला.

"सोड तिला."

"का? तुमीच दिस दिलाय न्हवं?"

"चुकलो मी. माझी तेवीस गेली. सोड."

भीमा माझ्याकडं बघाय लागला. मी मान हालवली. त्येनं गाठ सोडली. मेंढी अंगावरच्या लोकरीसकट उठली आन् घोळक्यात गेली. शंभराला आठ कमी हुती त्येची. वाचली.

मग भीमा म्हणला, "मग आता कवा कातरू, अप्पा?"

त्येच्या मनात वाकडं काय नव्हतं. त्येचा बाप इचारायचा, तसंच त्येनं इचारलं. अप्पांनी वर बघितलं. मूठभर माती उचलली, बोटानं चोळली, टाकली.

"मला न्हाय ठावं," अप्पा म्हणलं. "उन्हाचं मला आता काय कळत न्हाय, भीमा. दुसऱ्या कुणाला इचार."

"दुसऱ्या कुणाला?" भीमा म्हणला.

चार तळांवरचं गडी मांडीवर कातर ठिवून बसलं हुतं. कुणी कुणाचं नाव घितलं न्हाय.

माझं खरं ठरलं की मला बरं वाटंल, असं दोन दिस वाटत हुतं. न्हाय वाटलं. मी चुकीची निघाले असते तर लई बरं झालं असतं. मी अप्पांच्या डोक्यावर माझा पदर धरला. सुनंनं सासऱ्यावर पदर धरायची रीत आमच्यात न्हाय, पर त्येंनी धरू दिला. तसंच आमी माघारी निघालो. तळावर सदतीस उरली हुती, त्येंना पाणी पाजायचं हुतं.