शकुनबाईंची तेलाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. तपकिरी काचेची, पत्र्याच्या झाकणाची. खोकल्याचं औषध पोटात घेऊन मी अमरावतीच्या एका दुकानात आले. औषध संपलं, तरी भातकुलीच्या शकुनबाईंनी मला फेकलं नाही. गरम पाण्यानं धुऊन त्यांनी माझ्यात जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल भरलं.

प्रार्थनामंदिरात त्या आजाऱ्यांच्या कपाळाला हे तेल लावत आणि येशूच्या नावानं प्रार्थना करत. त्यांना आजार बरे करण्याचं कृपादान मिळालंय, असं मंडळी म्हणायची. डॉक्टरचं औषध मात्र त्या कुणाला सोडू देत नसत. खरं सांगू? माझा काही विश्वास नव्हता. मी पडले औषधाची बाटली! कित्येक जण आले तसेच परत गेलेले मी पाहिले होते.

त्यांचा मुलगा देवानंदही माझ्याच मताचा. त्याची बायको वारली, त्या दिवसापासून त्याची नऊ वर्षांची मुलगी करिश्मा बोलेनाशी झाली होती. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. "रविवारी तिच्यासाठी प्रार्थना करू," असं शकुनबाई म्हणाल्या आणि देवानंदचं डोकं फिरलं. आईच्या तेलात काही नाही, हे त्याला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. शनिवारी घरात कुणी नसताना त्यानं मला मोरीत उपडं केलं, भज्यांसाठी आणलेलं सरकीचं तेल भरलं आणि झाकण गच्च लावलं.

रविवारी प्रार्थनामंदिरात करिश्माला समोर बसवून शकुनबाईंनी मला उचललं. एकाएकी त्यांची बोटं गार पडली. वर पंखा फिरत होता, पण मेणबत्तीची ज्योत हलेना. माझं झाकण अजून बंदच होतं.

"देवानंद, सरकीचं तेल भरलं तू," त्या हळूच म्हणाल्या. "असू दे. देवाले तेल लागत नाही."

देवानंद पांढराफटक पडला. "तुले कोनं सांगतलं?"

"ज्यानं पाह्यलं, त्यानं. घे, तूच लाव पोरीच्या कपायाले."

मित्रांनो, मला भीती वाटली. त्यानं माझं झाकण उघडलं आणि तेलाचं बोट करिश्माच्या कपाळाला लावलं. प्रार्थना त्याला येत नव्हती. "देवा," एवढंच तो म्हणाला आणि रडू लागला.

"बाबा," करिश्मा म्हणाली, "तुमी कायले रडता?"

आता मी खिडकीत असते. करिश्मा बडबडत मला रोज पुसते. ते सरकीचं तेल अजून कुणी ओतून दिलेलं नाही. मित्रांनो, जुनी बाटली जपा, पण भरवसा बाटलीवर ठेवू नका. त्या शनिवारी मोरीपाशी देवानंद आणि मी, आम्ही दोघंच आहोत असं मला वाटलं होतं.