भुऱ्याच्या बरगडीवरची गाठ

आधी चांगुणामावशीचं नाव, मग काय घडलं ते. कोवळं ऊन तिच्या पाटीतल्या पापलेटांवर उतरलं, की बर्फाच्या चुऱ्यातून एक शीतल प्रभा उमटते आणि हिरव्या बांगड्यांच्या किणकिणाटासह पनवेलच्या आमच्या गल्लीभर पसरते. सकाळ तिच्या हातांनीच उघडते म्हणा ना.

मी यवतमाळकडचा, शाळा आठवीतच सुटली, आता जासईच्या कंटेनर यार्डात कामाला. या परमुलखात माझं म्हणावं असं एकच, माझा कुत्रा भुऱ्या. अंघोळ घालताना त्याच्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ हाताला लागली, आणि कॅन्सर हा शब्द कोणी न उच्चारताच खोलीत येऊन बसला.

भुऱ्याला घेऊन मावशीला सांगायला गेलो तेव्हा गिऱ्हाइकांची ऐन गर्दी. तिने पदराला हात पुसले आणि ज्या अंगठ्याने ती मासळीचा ताजेपणा पारखते, तोच अंगठा, जणू पाण्यावर पान टेकावं इतक्या हलकेपणाने, गाठीवर ठेवला. गाठ कातडीखाली जराशी सरकली. भुऱ्याने शेपूट हलवली. मी मात्र तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, जसं निकालाच्या दिवशी गुरुजींकडे पाहायचो.

"मऊ हाय," ती म्हणाली. "पन माजा अंगठा म्हावऱ्याचा. कुत्र्याचं त्याला काय कलतंय? चल, डाक्तरकडं जाव."

पाटी शेजारणीच्या हवाली करून ती रिक्षात बसली, भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी बारीक सुईने गाठीतला अंश काढला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. तेवढ्या वेळात मावशीच्या बांगड्याही वाजल्या नाहीत. चरबीची साधी गाठ, ते म्हणाले. मात्र वाढली, कडक झाली तर लगेच आणा. नवी गाठ आली तरी हातावर विसंबू नका, तपासूनच घ्या. वजनही उतरवा म्हणाले.

मावशी भुऱ्याकडे वळली. "आयकलंस? बोंबलाची डोकी बंद तुजी आजपास्नं." आणि असं हसली, की भरतीचं पाणी खाडीत शिरावं तसा माझा कोरडा पडलेला जीव काठोकाठ भरला. बाहेरचं ऊन तेच होतं, पण किती सोनेरी.

या बाईने खाडीपलीकडचा मुलूख पाहिलेला नाही. एखाद्या मार्गशीर्षात तिला माझ्या गावी नेईन, कापूस फुटून पांढरं झालेलं शिवार तिच्या डोळ्यांपुढे ठेवीन. काळ एक दिवस तिला नेईल, भुऱ्यालाही नेईल, मागे नुसती आठवण उरेल. त्याआधी एकदा मला तिला न्यायचं आहे.